लाइव्ह शोमध्ये क्यू आपोआप चालवताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या एका संस्थेचा वर्धापनदिन. साडेसहाला दीपप्रज्वलन आणि ६:४० ला माहितीपट असं क्यूशीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमपत्रकावर, लिहिलेलं होतं, म्हणून माहितीपटाचा क्यू (तो सुरू करायचा इशारा) मी घड्याळाला बांधला. प्रमुख पाहुणे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. निवेदिका प्रेक्षकांना "पाहुणे पोचतच आहेत" सांगत असताना तिच्या मागे एलईडी वॉलवर माहितीपट सुरू झाला. तो थांबवायला मला दहा सेकंद लागले, कारण थांबवायचं बटण मी ठेवलंच नव्हतं.

घड्याळाचा क्यू वेबकास्टच्या काउंटडाउनला ठीक. हॉलमधल्या कार्यक्रमात पहिला 'गो' माणसानेच द्यायचा. दिवा लागला की बटण दाबा. मग निवेदिकेचा माइक बंद, फिल्म सुरू, फिल्म संपताच कॅमेरा दोन, ही साखळी यंत्रावर सोपवा.

साखळीत सगळ्यात जास्त घोळ क्यूलॅबच्या (क्यू चालवायचं सॉफ्टवेअर) दोन पर्यायांत होतो. ऑटो-कंटिन्यूमध्ये पहिला क्यू सुरू झाल्यापासून पोस्ट-वेट, म्हणजे आपण ठरवलेला थांबा, मोजला जातो आणि तो संपला की पुढचा सुटतो. ऑटो-फॉलोमध्ये पहिला पूर्ण संपावा लागतो. दोन आवाज एकावर एक आले, तर फॉलोच्या जागी कंटिन्यू पडलंय. पुढचा क्यू येतच नसेल, तर आधीची क्लिप लूपवर नाही ना ते बघा. ती कधी संपणारच नाही.

ओबीएसमध्ये (सीन बदलायचं आणि थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) क्लिप मधूनच सुरू होते ही नेहमीची तक्रार. मीडिया सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीस्टार्ट प्लेबॅक व्हेन सोर्स बिकम्स ॲक्टिव्ह' वर टिक हवी. बाहेरच्या स्क्रिप्टने सीन बदलत असाल, तर त्यासाठी लागणारा वेबसॉकेट हा जोडणीचा मार्ग ओबीएसच्या २८ व्या आवृत्तीपासून आतच आहे, पण सर्व्हर चालू करावा लागतो. जोडणी होत नसेल तर पासवर्ड, पोर्ट ४४५५ आणि फायरवॉल, याच क्रमाने तपासा.

आवाज आणि चित्र जुळत नसेल, तर लगेच डिले वाढवत बसू नका. आधी क्लिपची सुरुवात आणि शेवट, दोन्ही पाहा. फरक शेवटपर्यंत तेवढाच राहिला, तर तो एलईडी वॉल किंवा तिला चित्र पुरवणाऱ्या प्रोसेसरचा ठरावीक उशीर आहे. तेवढाच डिले आवाजाला द्या. फरक वाढत गेला, तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) जुळत नाहीयेत. आपल्याकडे टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा, साधारणपणे सेकंदाला २५ फ्रेमचा. एडिटरने २९.९७ नॉन-ड्रॉप (मधले आकडे न गाळणारा) दिला असेल, तर तासाभरात तो घड्याळाच्या ३.६ सेकंद मागे पडतो. मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपचा फ्रेम रेट तर मधेच बदलत असतो. अशा सगळ्या क्लिप आदल्या दिवशी स्थिर २५ फ्रेम आणि ४८ किलोहर्ट्झ ऑडिओवर रूपांतरित करून घ्या. शोच्या दुपारी हे काम काढू नका, मी काढलंय आणि रेंडर संपायच्या आत पडदा उघडलाय.

लॅपटॉपची स्लीप, अपडेट आणि नोटिफिकेशन बंद करा.

आणि थांबवायचं बटण. क्यूलॅबमध्ये एस्केप दाबलं की सगळं फेड होऊन थांबतं, लागोपाठ दोनदा दाबलं तर तत्काळ. ओबीएसमध्ये नुसत्या लोगोचा एक सीन ठेवा, त्यात आवाजाचा कुठलाही सोर्स नको, आणि त्याला हॉटकी, म्हणजे कीबोर्डवरची एक ठरलेली की, द्या. ती की शेजारी बसणाऱ्या पोरालाही दाखवून, दोनदा दाबायला लावा. पाहुण्यांच्या माइकची बॅटरी बदलायला तुम्ही विंगेत गेलेले असाल, तेव्हा टेबलावर तोच असणार आहे.