भोंग्यावर खंजिरी गायब: मिड-साइडचा माझा अनुभव

आमच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच मिक्स केलं. खंजिरीला वेगळा माइक होता, तिला पूर्ण डावीकडे ठेवलं. मग मिड-साइड पद्धत वापरली, म्हणजे आवाजाचे दोन भाग केले: मधला 'मिड' आणि डाव्या-उजव्यातला फरक 'साइड'. त्यातल्या साइडचा ट्रेबल 6 डीबी (डेसिबल) वाढवला. हेडफोनवर असं वाटलं, जणू मंडळ समोर पसरून बसलंय.

काकड आरतीला तेच देवळाच्या भोंग्यावर लागलं. पारावरचे काका म्हणाले, "काऊन रे, खंजिरी कुठी गेली?"

भोंगा मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून एकच आवाज देणारा. मिड म्हणजे डावं अधिक उजवं, साइड म्हणजे डावं वजा उजवं. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की साइड शून्य होते, म्हणून माझे 6 डीबी तिथे पोचलेच नव्हते. शिवाय पूर्ण डावीकडचा आवाज मिड आणि साइड दोन्हींत सारखाच असतो. एकटी साइड वाढवली, तर तो उलट्या फेजमध्ये, म्हणजे लहर उलटी होऊन, उजवीकडे झिरपतो. खंजिरी सोलो केल्यावर, म्हणजे फक्त तिचाच ट्रॅक वाजवल्यावर, उजव्या कानात खंजिरीची पातळ चकचक स्पष्ट ऐकू आली.

साइडचा ईक्यू, म्हणजे तो वाढवलेला ट्रेबल, काढला. खंजिरीचा ट्रॅकच 3 डीबी वर घेतला, पॅन (डावी-उजवी जागा) अर्ध्यावर आणला. साइडमधला 150 हर्ट्झखालचा भाग मात्र कापलेला ठेवला, ढोलकीचा घुमारा त्यानेच मध्ये घट्ट बसला.

वेगळे ट्रॅक नसतील, फक्त स्टिरिओ फाइल हातात असेल, तिथे मिड-साइड खरंच कामाचं आहे. पण मिड म्हणजे फक्त गायक नव्हे. मिड उचलला की मधली ढोलकीही उचलली जाते.

आता प्रत्येक मिक्स आधी मोनो बटण दाबून ऐकतो.