विंडशील्ड दुरुस्ती: आधी हात बसवा, मग गिऱ्हाईक जोडा

रस्त्यावरचा खडा उडून गाडीच्या पुढच्या काचेला टवका पडणे ही रोजची गोष्ट आहे, आणि तो टवका वेळेवर भरला तर संपूर्ण काच बदलण्याचा खर्च वाचतो. या कामाला मोठी जागा लागत नाही, अवजारे एका पेटीत मावतात आणि सरावलेला कारागीर एक टवका साधारण अर्ध्या ते पाऊण तासात भरतो. त्यामुळे शिक्षण चालू असताना स्वतःचे कौशल्य उभे करू पाहणाऱ्या मुलामुलींना हे काम खुणावते, आणि ते योग्यच आहे. मात्र पुढची काच ही केवळ वारा अडवणारी काच नाही. गाडी उलटली तर छताला आधार देण्यात तिचा वाटा असतो, आणि अनेक गाड्यांमध्ये शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना याच काचेवर टेकते. म्हणून या कामात रेझिन, म्हणजे फुटीत भरून घट्ट केला जाणारा पारदर्शक द्रव, भरण्याच्या कौशल्याआधी कोणता तडा हातात घ्यायचा आणि कोणता नाही, हे ओळखण्याचे कौशल्य यावे लागते. गिऱ्हाइकांचा विश्वासही मुख्यतः त्यावरच बसतो.

काच कशी बनलेली असते

विंडशील्ड म्हणजे काचेचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा. आजच्या काचांमध्ये हा पडदा पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा, म्हणजे पीव्हीबीचा असतो आणि त्याची जाडी बहुधा ०.७६ मिलिमीटर असते. या कल्पनेचे मूळ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत आहे. १९०३ मध्ये त्यांच्या हातून पडलेला एक चंबू तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर होता. पुढे १९०९ मध्ये त्यांनी थरांच्या काचेचे पेटंट घेतले. या रचनेमुळेच दुरुस्ती शक्य होते: खडा लागतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरचा थर फुटतो, आतला थर आणि पडदा शाबूत राहतात, आणि फुटलेल्या थरातील पोकळीत काचेइतकाच प्रकाश वळवणारे द्रव रेझिन भरून ते घट्ट करता येते. बहुतेक गाड्यांच्या बाजूच्या आणि मागच्या काचा टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की त्यांचे बारीक दाणे होतात, त्यामुळे त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. एखाद्याने बाजूच्या काचेबद्दल विचारले तर हे त्याला सरळ सांगता आले पाहिजे.

काचेची फूट ओळखणे

वरवरचा टवका, गोल फूट म्हणजे बुल्सआय, तिचाच अर्धचंद्राकार प्रकार, मध्यापासून किरणांसारखे तडे गेलेला स्टार, गोल आणि स्टार एकत्र असलेली मिश्र फूट आणि सरळ लांब तडा, असे मुख्य प्रकार आहेत. बुल्सआय भरायला सर्वांत सोपा, कारण त्यातील पोकळी मोठी असते आणि रेझिन सहज पसरते. स्टारचे तडे केसासारखे बारीक असतात आणि त्यांच्या टोकांपर्यंत रेझिन पोचवणे हीच खरी परीक्षा असते.

मापांबाबत अंदाजावर राहू नये. अमेरिकेतील रोलॅग्ज या मानकात बुल्सआयसाठी १ इंच, स्टारसाठी ३ इंच आणि तड्यासाठी १४ इंच अशा मर्यादा दिल्या आहेत. ब्रिटनमधील बीएस एयू २४२ए हे मानक अधिक कडक असून, चालकाच्या समोरच्या २९० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी फूट भरू नये असे ते सांगते. तुमच्या भागात कोणता नियम लागू आहे हे आधी शोधावे. तसा नियम नसेल, तर शिकाऊ माणसाने कडक मर्यादाच पाळावी असे माझे मत आहे. याचे कारण असे की उत्तम दुरुस्तीनंतरही काचेवर पुसट खूण राहते, आणि ती चालकाच्या नजरेच्या रेषेत असली तर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशात त्रास देते.

काही कामे कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नयेत. आतला थरही तडकलेला असेल, पीव्हीबीचा पडदा फाटलेला किंवा पांढुरका झालेला असेल, तडा काचेच्या कडेपर्यंत गेला असेल, किंवा फूट चालक-सहायक प्रणालीच्या, म्हणजे चालवताना चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या, कॅमेऱ्यासमोर असेल, तर काच बदलण्याचा सल्ला द्यावा. आतल्या थराची तपासणी गाडीत बसून, बोटाचे नख काचेवरून हळुवार फिरवून करता येते: खाच लागली की आतला थरही गेला आहे असे समजावे.

भंगार काचेवर सराव

पहिला सराव कोणाच्याही चालू गाडीवर करू नये. काच बदलून देणाऱ्या कार्यशाळांमध्ये काढून टाकलेल्या विंडशील्ड पडून असतात. ओळख काढून विनंती केली तर त्यांतील एखाददुसरी बहुधा मिळते. तडा एका कोपऱ्यात असेल तर उरलेली बरीच काच सरावाला वापरता येते. ती गाडीत असते तशाच तिरक्या कोनात, कडांना मऊ आधार देऊन, लाकडी घोडीवर ठेवावी, कारण सपाट टेबलावर बसलेला हात तिरक्या काचेवर पुन्हा नव्याने बसवावा लागतो. पोलादी गोळी वरून सोडली की बहुधा बुल्सआय होतो, आणि टोकदार सेंटर पंचावर हलका घाव घातला की स्टार मिळतो. हे करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातांत जाड मोजे आणि अंगात लांब बाह्यांचा कपडा असलाच पाहिजे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. गाडीत चिकटवलेली काच चौकटीच्या ताणाखाली असते, सुटी काच तशी नसते. सुट्या काचेवर शांत राहिलेला तडा गाडीतील काचेवर तेवढ्याच दाबाने धावू शकतो. त्यामुळे भंगार काचेवर साधलेले यश ही फक्त पहिली पायरी आहे. पुढची पायरी म्हणजे एखाद्या जाणत्या कारागिराच्या हाताखाली काही काळ राहणे. त्याने दाखवलेल्या कृतीइतकेच तो गिऱ्हाइकाला काय सांगतो, कोणती गाडी परत पाठवतो आणि अवजारे कशी स्वच्छ ठेवतो, याकडेही लक्ष द्यावे. अल्पवयीनांनी कामावर राहण्याचे नियम ठिकाणानुसार वेगळे असतात. ते पालकांबरोबर बसून आधीच पाहून घ्यावेत.

प्रत्यक्ष भरण्याची रीत

काच प्रथम सावलीत घ्यावी. रेझिन अतिनील प्रकाशाने घट्ट होते, त्यामुळे उन्हात काम केले तर तड्याच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच ते वाटेत घट्ट होऊन बसते. उन्हात तापलेल्या काचेत रेझिन फार पातळ होते आणि तडा वाढण्याचा धोकाही वाढतो. उलट गारठलेल्या काचेत ते जाड होऊन पुढे सरकत नाही. हाताला काच ना गरम ना गार लागावी, इतपत ती येऊ द्यावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे किंवा गारठलेल्या काचेवर एकदम गरम हवा सोडणे हा हमखास तडा लांबवण्याचा मार्ग आहे.

त्यानंतर बारीक टोकाच्या सुईने टवक्यातील सुटे कण अलगद काढावेत. पोकळीत ओल असेल तर ती पूर्ण वाळू द्यावी, कारण पाण्यावर रेझिन धरत नाही आणि आत दुधाळ डाग राहतो. बॉनेटवर कापड पसरावे, नाहीतर रेझिनचा थेंब रंगावर पडून नवेच दुखणे निर्माण होते. मग सक्शन कपावर उभा राहणारा ब्रिज, म्हणजे इंजेक्टर धरून ठेवणारी चौकट, काचेवर बसवून इंजेक्टरचे, म्हणजे रेझिन आत ढकलणाऱ्या नळीचे, रबरी तोंड टवक्याच्या अगदी मध्यावर आणावे. ते इतकेच टेकवावे की रेझिन बाहेर झिरपणार नाही. नवशिका हमखास ते जास्त आवळतो, आणि तसे केले की काच किंचित वाकते, स्टारचे तडे मिटतात आणि रेझिनला आत जायला वाट उरत नाही.

आता दोनतीन थेंब रेझिन घालून इंजेक्टरने आळीपाळीने दाब देणे आणि निर्वात करणे, म्हणजे हवा खेचून घेणे, असा क्रम चालवावा. निर्वातात आतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते, दाबाने तिची जागा रेझिन घेते. या वेळी गाडीच्या आत छोटा आरसा धरून खालून पाहावे. न भरलेला तडा चंदेरी किंवा काळसर रेषेसारखा दिसतो. रेझिन शिरू लागले की ती रेषा मध्याकडून टोकाकडे विरत जाते. बरेचदा शेवटचे दोनतीन मिलिमीटर अडून राहतात. तेव्हा दाब वाढवण्याऐवजी आतल्या बाजूने त्या टोकाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून सोडावे, म्हणजे तडा किंचित उघडतो आणि रेझिन पुढे सरकते. या ठिकाणी घाई अजिबात करू नये. एकदा रेझिन घट्ट झाले की राहिलेल्या पोकळीत पुन्हा रेझिन पोचवणे जवळजवळ अशक्य असते.

सगळ्या रेषा विरल्या की इंजेक्टर काढून वरच्या खळग्यात जाडसर रेझिनचा थेंब ठेवावा, त्यावर पारदर्शक फिल्म दाबावी आणि यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, दिवा रेझिनच्या डबीवर दिलेल्या वेळेइतका लावावा. नंतर ब्लेड काचेला काटकोनात उभे धरून जास्तीचे रेझिन खरवडावे आणि पॉलिश करावे. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. नायट्राइलचे हातमोजेही टाळू नयेत, कारण या रेझिनमधील अ‍ॅक्रिलेटची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की हे काम कायमचे सोडावे लागण्याची वेळ येते.

पहिली गिऱ्हाइके

पहिल्या गाड्या घरच्या आणि नात्यातल्या असाव्यात, पण त्यांनाही तीन गोष्टी आधी सांगाव्यात: खूण पूर्ण जाणार नाही, काम करताना तडा वाढण्याची शक्यता असते, आणि तसे झाले तर काच बदलावी लागेल. ओळखीच्या माणसाला हे सांगताना संकोच वाटतो, म्हणूनच त्याचा सराव तिथे व्हावा. पुढे परक्या गिऱ्हाइकाकडून हेच मुद्दे लिहिलेल्या कागदावर काम सुरू करण्यापूर्वी सही घ्यावी. अनेक देशांत अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार कायद्याने बंधनकारक ठरत नाही. त्यामुळे कागदावर पालकांची किंवा ज्याच्या नावावर व्यवसाय आहे अशा प्रौढाची सही असावी, आणि नुकसानभरपाईच्या विम्याची चौकशीही त्यांच्याच मार्फत करावी.

प्रत्येक कामाचे आधीचे आणि नंतरचे छायाचित्र एकाच कोनातून, एकाच प्रकाशात काढावे. आधीचे छायाचित्र काळ्या पार्श्वभूमीवर आणि नंतरचे उजळ आकाशासमोर घेतले तर बघणारा फसतो, आणि प्रत्यक्ष काम पाहिल्यावर चिडतो. बेताचे जमलेले कामही दाखवण्यास हरकत नाही. उरलेली खूण किती असते हे आधीच पाहिलेले गिऱ्हाईक नंतर तक्रार करत नाही.

गाडीवाले सर्वांत जास्त ज्या चुका करतात त्या टवका पडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतल्या असतात: ते काच धुतात, वायपरचे साबणपाणी त्यावर मारतात, आणि ती घाण तड्यात कायमची बसते. म्हणून आपला क्रमांक छापलेल्या छोट्या कार्डावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावून ते ओळखीच्या गाडीवाल्यांना आधीच देऊन ठेवावे. टवका पडला की लगेच कोरड्या काचेवर पट्टी लावायची आणि फोन करायचा. जाहिरातीच्या कागदापेक्षा हे कार्ड गाडीत टिकते, कारण त्याचा उपयोग असतो, आणि तुमच्या हाती येणारा टवकाही स्वच्छ असतो. मात्र उभ्या गाडीच्या मालकाला न विचारता तिच्या काचेला हात लावणे किंवा वायपरखाली कागद खोचणे टाळावे.

एकेका गाडीमागे धावण्यापेक्षा अनेक गाड्या सांभाळणाऱ्या लोकांकडे जाणे अधिक फलदायी ठरते. मोटार चालवायला शिकवणाऱ्या संस्था, टॅक्सीचालक, मालवाहतूक करणारे आणि जुन्या गाड्या विकणारे यांच्याकडे टवके सतत निघत असतात. त्यांच्यापुढे जाताना पालक किंवा तुम्हाला शिकवणारा कारागीर सोबत असावा, आणि पहिल्या भेटीत त्यांच्या सगळ्या काचा विनामूल्य तपासून कोणती भरण्याजोगी आहे, कोणती नाही याची लेखी यादी द्यावी. वय लहान असल्यामुळे येणारी शंका अशा यादीने जितकी दूर होते तितकी बोलण्याने होत नाही. काच बदलणाऱ्या कार्यशाळांनाही प्रतिस्पर्धी मानू नये: तुम्ही नाकारलेली कामे त्यांच्याकडे पाठवत गेलात, तर त्यांना न परवडणारे छोटे टवके ते तुमच्याकडे पाठवू लागतील.

काम चालू असताना तडा वाढलाच, तर अवजार जागच्या जागी थांबवून मालकाला बोलवावे आणि झालेले दाखवावे. पैसे घेऊ नयेत, आणि सहीचा कागद पुढे करून वाद घालू नये. तो कागद त्याला धोका आधीच कळावा यासाठी होता.

दर कामाची नोंद वहीत ठेवावी: फुटीचा प्रकार आणि माप, काचेची स्थिती, वापरलेले रेझिन, दिव्याला दिलेला वेळ. काही महिन्यांनी त्याच गाड्या पुन्हा पाहण्याची परवानगी मागावी. खळग्यातील रेझिन पिवळे पडले आहे का, त्याची कड सुटली आहे का, तड्याचे टोक पुढे सरकले आहे का, हे जुन्या नोंदीशी ताडून पाहिले की आपली नेमकी कोणती सवय बदलायला हवी ते कळते. शिवाय त्या भेटीत गाडीवाला बहुधा आणखी एखाद्या ओळखीच्या गाडीचा पत्ता देतो.