गच्चीवरचा कूलिंग टॉवर नीट कसा साफ करायचा

ऑफिस, मॉल किंवा हॉस्पिटलचा मेंटेनन्स बघत असाल आणि गच्चीवर सेंट्रल एसीचा टॉवर (एसीचं गरम पाणी पंख्याने गार करणारा) असेल तर हे तुमच्यासाठी. १९७६ ला फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं, तिथून घरी गेलेले लोक न्यूमोनियाने धडाधड आजारी पडले, त्यांच्यातले २९ गेले, आणि कुठला बॅक्टेरिया ते कळायला १९७७ उजाडलं. तो हा लिजिओनेला न्यूमोफिला. २० ते ४५ डिग्रीचं पाणी त्याला मानवतं, म्हणजे आपला टॉवरच की! त्यातून उडणारे बारीक तुषार श्वासात गेले की लागण होते.

नुसतं केमिकल ओतून भागत नाही, कारण हा बुळबुळीत थरात आणि तिथल्या अमिबाच्या पोटात लपून बसतो.

१. आधी पंखा बंद, पंप चालूच ठेवा. पंखा फिरत राहिला तर तेच तुषार गल्लीभर जाणार.

२. क्लोरीन टाका, फ्री क्लोरीन (पाण्यात मोकळा उरलेला) किमान ५ पीपीएम, म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम, ५ तास फिरवा, मधेमधे किटने चेक करत रहा. पीएच ८ च्या वर असेल तर एवढ्याने होत नाही, १५-२० लागतं.

३. थायोसल्फेटने क्लोरीन मारून पाणी सोडा, मग घासा. बेसिनचे (टॉवरच्या तळाच्या टाकीचे) कोपरे, फिल (पाणी जिच्यावरून पसरत खाली येतं ती जाळी), ड्रिफ्ट एलिमिनेटर (तुषार अडवणाऱ्या पट्ट्या), सगळं. बेसिनच्या तळाला बोट फिरवलं (ग्लोव्ह घालून हो) आणि अजून सटकतंय तर काम झालेलं नाही. जेट मारताना तुषार उडतातच, म्हणून एन-९५ मास्क हवाच, रुमाल बांधून चालत नाही. आणि क्षार काढायचं अ‍ॅसिड क्लोरीनमध्ये कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो.

४. ताजं पाणी भरून परत क्लोरीन फिरवा, मगच पंखा चालू.

वर्षातून दोनदा तरी हे करा, आणि टॉवर बरेच दिवस बंद असेल तर सुरू करायच्या आधी. एलिमिनेटर तुटला असेल तर "पुढच्या महिन्यात बघू" नको, तुषार अडवणारा तोच आहे.

काम केलेल्या कुणाला दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरला टॉवरचं आवर्जून सांगा, लघवीची टेस्ट असते, आणि पेनिसिलिनसारखी औषधं यावर चालत नाहीत.