उणे तीसमध्ये कॅराव्हॅन चालू करताय? आधी हे वाचा

अलास्कात नाहीतर उत्तर कॅनडात सेस्ना कॅराव्हॅन या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर नोकरी लागली की पोरांना पहिली धास्ती इंजिनाची, एवढ्या थंडीत चालू होईल का म्हणून. अहो होतं, त्याचं पीटी-सिक्स हे टर्बाइन इंजिन पिस्टन इंजिनासारखं कुरकुरत नाही. वाट लावते ती बॅटरी, आणि पंखावरचं दंव. (खालचे आकडे कॅराव्हॅनच्या 208बी मॉडेलचे आणि त्याच्या पीटी-सिक्स 114ए इंजिनाचे आहेत, तापमानं सेल्सिअसमध्ये, तुमच्या विमानाचं हँडबुक सांगेल तेच फायनल.)

बॅटरी रात्री काढून उबेत न्यायची, कंटाळा करायचा नाही. गारठलेली बॅटरी स्टार्टरला जोर देत नाही, मग एनजी (कॉम्प्रेसरचा वेग, टक्क्यांत) रखडत चढतो, आत हवा कमी जाते आणि त्यात इंधन सोडलं की आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) भसकन वर, झाला हॉट स्टार्ट, म्हणजे चालू होतानाच इंजिन मर्यादेपलीकडे तापलं, आणि त्याचं बिल कंपनी आयुष्यभर विसरत नाही. म्हणून उणे 18 च्या खाली सरळ ग्राउंड पॉवर (बाहेरून वीज) लावा आणि जमलं तर हीटरची गरम हवा काउलिंगमध्ये (इंजिनाच्या आवरणात) सोडा, ऑइल कूलरमधलं घट्ट तेल जरा सैल होतं. एनजी 12 टक्के स्थिर झाल्याशिवाय कंडिशन लीव्हर (इंधन सोडायचा-तोडायचा दांडा) पुढे नाही, आणि हात लीव्हरवरून काढायचा नाही, आयटीटी 1090 कडे पळताना दिसला की लगेच कटऑफ.

एक गोष्ट बरेच जण चुकतात. सकाळी प्रोपेलर हाताने फिरवून बघतात, फिरला की खूश. पण या इंजिनात प्रोपेलरची टर्बाइन वेगळी आणि कॉम्प्रेसरची वेगळी, त्यामुळे आत बर्फ धरून कॉम्प्रेसर जाम असला तरी प्रोपेलर मजेत फिरतो! स्टार्टर मारल्यावर एनजी हललाच नाही तर तिथेच थांबा, गरम हवा द्या.

पाणी तपासायला टाकीच्या तळाच्या संपमधून इंधन काढलं आणि काहीच आलं नाही तर पाणी नाही असं समजू नका, तेच गोठून बसलेलं असू शकतं. अँटी-आयसिंग अ‍ॅडिटिव्ह घातलंय का ते भरणाऱ्याला तोंडाने विचारा.

आता पंख. कॅराव्हॅनचा पंख वर, खालून काही दिसत नाही, त्यामुळे शिडी लावा, ग्लोव्ह काढा आणि लीडिंग एज (पंखाची पुढची कडा) आणि वरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवा. बारीक सँडपेपरसारखं लागलं तरी उडायचं नाही, गरम टाइप वन (बर्फ काढायचं द्रव) मारून घ्या, मग पुन्हा हात फिरवा. उबदार हँगरमधून थेट पडत्या बर्फात विमान काढलंत तर बर्फ वितळून पंखावर परत गोठतो, तेव्हा आधी विमान गार होऊ द्या.

टॅक्सीला घाई नको, टेकऑफआधी ऑइल टेंपरेचर किमान 10 झालं पाहिजे, तोवर प्रोपेलर दोनतीनदा फेदरमध्ये (पाती हवेला कडेने) नेऊन आणा म्हणजे हबमधलं तेल बदलतं. 4 डिग्रीच्या खाली ढग-बर्फ असेल तर इनर्शियल सेपरेटर (इंजिनात बर्फ जाऊ न देणारी झडप) बायपासवर.

मुक्कामी पोचल्यावर पार्किंग ब्रेक लावून ठेवू नका, ओले ब्रेक गोठून चिकटतात, चाकांना चॉक्स (अडसर) लावा. इंजिन जरा निवलं की इनलेटचे प्लग घाला, प्रोपेलर बांधा, बॅटरी काढा आणि मगच जेवायला जा.