झेडपी शाळेच्या समितीत निवडून यायचंय? मग हे करा

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे नुसतं झेंडावंदनाला खुर्चीवर बसायचं काम नाही, शाळेला आलेलं अनुदान कुठे गेलं हे विचारायचा हक्क शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ ने दिलाय. ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या बायका पाहिजेतच, त्यामुळे ताई तुम्ही तर उभं राहाच.

पोरगं त्याच शाळेत शिकत असलं पाहिजे. पालक सभेची तारीख हेडमास्तरांना आधीच विचारून ठेवा, कारण आमच्याकडे एकदा नोटीस फळ्यावर लागली ती ऐन सोयाबीन काढणीत, सभेला आले नऊ जण आणि नावं आदल्या रात्री पारावरच ठरलेली!

म्हणून आधीचे आठ दिवस शाळा सुटताना गेटवर थांबा, न्यायला आलेल्या आयांशी बोला. मोठं भाषण नको, "मुलींच्या संडासात नळ आहे पण पाणी नाही, ते मी बघते" एवढं बास. तुमचं नाव सुचवणारा एक जण पक्का करून ठेवा, ऐनवेळी सगळे एकमेकांकडे बघत बसतात. निवड झाली की प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, नाव लिहिलेलं स्वतः वाचा, मगच सही, आणि कोऱ्या पानावर तर अजिबात नाही.