प्रदेशातील वनस्पती आणि कीटकांची सूची: नमुन्यापासून नोंदीपर्यंत

एखाद्या टेकडीवरील, पाणथळीतील किंवा नदीखोऱ्यातील वनस्पती आणि कीटकांची सूची करायला घेणारा अभ्यासक बहुधा नावांपासून सुरुवात करतो, आणि त्याची सूची तिथेच कच्ची राहते. नावे बदलत असतात. रुईचे कुल जुन्या वनस्पतिग्रंथांत अ‍ॅस्क्लेपिएडेसी असे दिलेले आढळते. आज ते अ‍ॅपोसायनेसी या मोठ्या कुलात सामावले गेले आहे. वाळवीचा आयसॉप्टेरा हा स्वतंत्र गण मानला जाई. आता तिला झुरळांच्याच, म्हणजे ब्लॅटोडिआ गणात धरतात. टाकळ्याची प्रजाती पूर्वी कॅसिया होती, आता सेना आहे. प्रत्यक्ष नमुना, तो मिळाल्याचे ठिकाण आणि मिळाल्याची तारीख या तीन गोष्टींना मात्र असे बदल लागू होत नाहीत. म्हणून सूचीची सगळी रचना या तिघांवर उभी करावी आणि नाव म्हणजे नमुन्याविषयी कोणीतरी, कोणत्या तरी दिवशी दिलेले मत आहे, असे समजून ते वेगळ्या रकान्यात ठेवावे. पुढील लेखात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज, ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, ‘कुल’ म्हणजे फॅमिली आणि ‘गण’ म्हणजे ऑर्डर हा मराठी विज्ञानलेखनातील अर्थ घेतला आहे.

सीमा आणि श्रमांची नोंद

पहिले काम नकाशावर सीमा आखण्याचे. सीमेच्या आतील अधिवास, जसे की गवताळ उतार, ओढ्याचा काठ, उघडा कातळ, दाट झाडी, आधीच वेगळे करून त्यांना संकेताक्षरे द्यावीत आणि प्रत्येक अधिवासात सर्व ऋतूंत फेरी होईल असे वेळापत्रक करावे. काही वर्षायू वनस्पतींचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते आणि पुष्कळ कीटकांची प्रौढावस्था त्याहूनही अल्प असते. त्यामुळे एकाच ऋतूतील सूची ही त्या ऋतूची सूची असते, प्रदेशाची नव्हे. प्रत्येक फेरीत किती माणसे किती तास फिरली, कोणते जाळे किंवा सापळा वापरला आणि हवामान कसे होते, हे लिहून ठेवावे. ही नोंद कंटाळवाणी असल्यामुळे ती हमखास गाळली जाते. परंतु ती नसेल तर ‘ही जाती येथे आढळली नाही’ या विधानाला काहीही अर्थ उरत नाही, कारण ती नव्हतीच की शोधलीच गेली नाही, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

नमुने गोळा करण्यापूर्वी जमिनीच्या मालकाची आणि संबंधित शासकीय यंत्रणेची लेखी परवानगी घ्यावी व तिचा क्रमांक सूचीत नोंदवावा. परवानगीशिवाय गोळा केलेला नमुना कोणतेही जबाबदार संग्रहालय स्वीकारत नाही.

जागेवरचे टिपण

प्रत्येक नमुन्याला संग्राहकाचा एक चढता क्रमांक द्यावा आणि ही मालिका आयुष्यभर एकच ठेवावी. दरवर्षी एकपासून सुरुवात केल्यास दहा वर्षांनी एकाच क्रमांकाचे दहा नमुने निघतात. टिपण पेन्सिलीने किंवा न पसरणाऱ्या शाईने, जागेवरच लिहावे. त्यात गावाचे किंवा ठळक खुणेचे नाव, अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, वापरलेली मापनप्रणाली (बहुधा डब्ल्यूजीएस ८४), समुद्रसपाटीपासूनची उंची, अधिवास, तारीख आणि संग्राहकाचे नाव असावे. अक्षांशाचा चौथा दशांश सुमारे ११ मीटर अंतर दाखवतो, तेव्हा मोबाईलच्या पडद्यावर दिसणारे सातवे-आठवे अंक उतरवून घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा उपकरणाने दाखवलेली अचूकता, उदाहरणार्थ ‘± १५ मी.’, लिहिणे उपयोगाचे. छायाचित्रालाही हाच क्रमांक द्यावा.

वनस्पतीच्या बाबतीत वाळल्यावर नाहीशी होणारी लक्षणे आधी टिपावीत. फुलाचा रंग आणि वास, चीक आहे की नाही आणि असल्यास कोणत्या रंगाचा, झाडाची उंची, सालीचे स्वरूप, फळाचा मांसलपणा यांपैकी काहीही कागदावर चिकटवलेल्या फांदीवरून नंतर कळत नाही. छायाचित्रे घेताना संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, खोडावरील पानांची मांडणी, उपपर्णे (पानाच्या देठाच्या बुडाशी असणारी छोटी पानासारखी अंगे) आणि फुलाची समोरची, बाजूची व उभ्या छेदाची दृश्ये घ्यावीत. उपपर्णांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वास्तविक समोरासमोर साधी, अखंड कडांची पाने आणि दोन देठांच्या मधोमध उपपर्णे एवढे दिसले, तरी रुबिएसी कुलाचा जवळजवळ निश्चित अंदाज बांधता येतो.

नमुने तयार करणे

वनस्पतीचा नमुना फुलांसह आणि शक्य तर फळांसह घ्यावा. लहान वनस्पती मुळासकट घेतात. मात्र त्या ठिकाणी तिची मोजकीच रोपे असतील तर छायाचित्रावर समाधान मानावे. नमुना वर्तमानपत्राच्या घडीत पसरून, एखादे पान मुद्दाम उलटे ठेवून, टिपकागदांच्या मध्ये दाबयंत्रात आवळावा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत. दमट हवेत हे कागद बदलणे एक दिवस जरी चुकले, तरी नमुना काळवंडतो आणि बुरशी धरतो. जाड, रसाळ वनस्पती उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून मग दाबतात, नाही तर ती दाबयंत्रातही वाढत राहते. वाळलेला नमुना सुमारे ४२ × २९ सेंटिमीटरच्या आम्लरहित जाड कागदावर शिवून किंवा चिकटवून उजव्या खालच्या कोपऱ्यात लेबल लावावे आणि गळालेली फुले व बिया कागदी पुडीत घालून त्याच कागदावर जोडाव्यात. जुन्या संग्रहांतील कागदांवर मर्क्युरिक क्लोराईड असण्याची शक्यता असते. ते हाताळताना हातमोजे घालावेत. नव्या नमुन्यांसाठी हे विष वापरण्याचे कारण नाही, कारण उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर गोठवल्यास नमुने खाणारे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या मरतात.

कीटकांचे प्रकार जितके अधिक, तितकी साधने निराळी. गवतावरून फिरवायचे झाडणी-जाळे, फांदीखाली धरून ठोकायची पांढरी चादर, जमिनीत तोंडापर्यंत पुरलेला खड्डा-सापळा, उडत्या कीटकांसाठी तंबूसारखा मलेझ सापळा (तो स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रेने मलेझ यांच्या नावाने ओळखला जातो) आणि पतंगांसाठी पांढऱ्या पडद्यापुढील अतिनील दिवा ही नेहमीची साधने होत. प्रत्येकाचा कल वेगळा असतो: खड्डा-सापळ्यात जमिनीवर धावणारे भुंगेरे आणि मुंग्या येतात, फुलपाखरे येत नाहीत. दिव्यावर चांदण्या रात्रीपेक्षा अमावास्येच्या आसपास कितीतरी अधिक पतंग जमतात, म्हणून प्रकाशसापळ्याच्या नोंदीत चंद्राची कला अवश्य लिहावी.

कडक शरीराचे कीटक इथाइल अ‍ॅसिटेटच्या बाटलीत किंवा गोठवून मारून पोलादी कीटकटाचणीवर लावतात. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या कवचपंखातून, ढेकणांच्या गणातील कीटकांना वक्षावरील त्रिकोणी ढालीतून किंचित उजवीकडे, आणि फुलपाखरे-पतंगांना वक्षाच्या मधोमध टोचावी. उजवी बाजू बिघडली तरी डावी शाबूत राहावी, हा या नियमामागील हेतू. टाचणी न पेलणारे लहान कीटक त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवतात. मावा, अळ्या आणि इतर मऊ शरीराचे प्राणी ७० ते ८० टक्के अल्कोहोलात ठेवावेत. अळी आधी जवळजवळ उकळत्या पाण्यात बुडवल्यास ती काळी पडत नाही. डीएनए तपासणीसाठी ठेवायचा नमुना ९५ टक्के अल्कोहोलात आणि थंडीत ठेवावा. फॉर्मॅलिन टाळावे, त्याने डीएनए खराब होतो.

ठिकाण-तारखेची चिठ्ठी टाचणीवर नमुन्याखाली आणि ओळखीची चिठ्ठी त्याखाली स्वतंत्र लावावी. पुढे कोणी ओळख बदलली, तर जुनी चिठ्ठी न काढता आणखी एक चिठ्ठी तिच्याखाली लावावी. चिठ्ठ्यांवर महिना रोमन अंकांत लिहिण्याची कीटकशास्त्रातील जुनी पद्धत चांगली आहे, कारण त्यामुळे ५ मार्च आणि ३ मे यांत घोळ होत नाही.

ओळख पटवणे

ओळख वरून खाली पटवत जावी: आधी गण किंवा कुल, मग प्रजाती, शेवटी जाती. पंखांची एकच जोडी आणि तिच्यामागे दोन छोटी संतुलके दिसली की तो माशांचा, म्हणजे डिप्टेरा गण. मधमाशीसारखे पट्टे पाहून फसलेल्यांच्या सूचीत कितीतरी फूलमाश्या मधमाश्या म्हणून नोंदलेल्या असतात. त्यानंतर दोन पर्यायांपैकी एक निवडत पुढे नेणारी ओळख-किल्ली वापरावी. किल्ली शक्यतो आपल्याच प्रदेशाची किंवा लगतच्या प्रदेशाची असावी. दूरच्या प्रदेशाची किल्ली आपल्या जातीलाही तिच्यातीलच एखाद्या नावाकडे ढकलते आणि आपल्याला ते कळतही नाही.

छायाचित्रावरून किती पुढे जाता येईल हे गटागटावर अवलंबून असते. बहुतेक फुलपाखरे जातीपर्यंत ओळखता येतात, पण तेथेही सापळे आहेत. हायपोलिम्नास मिसिपस या फुलपाखराची मादी डॅनॉस क्रिसिपसची हुबेहूब नक्कल करते. डॅनॉसच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, नक्कल करणाऱ्या मादीत तेथे ठिपके नसतात, वरच्या कडेला फार तर एक असतो. मागचा पंख झाकलेले छायाचित्र असेल तर नोंद दोघांपैकी कोणाचीही असू शकते, आणि तसेच लिहावे. लहान पतंग, भुंगेरे आणि माश्या यांच्या असंख्य जाती जननांगांच्या विच्छेदनाशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. संगणकाने किंवा अ‍ॅपने सुचवलेले नाव येथे सुरुवातीचा धागा म्हणून घ्यावे, निर्णय म्हणून घेऊ नये.

खात्री नसताना थांबण्याच्या जागा विज्ञानाने करून ठेवल्या आहेत. ‘सेना एसपी.’ म्हणजे प्रजाती निश्चित, जाती अनिश्चित. नावापूर्वी ‘सीएफ.’ म्हणजे बहुधा हीच, तुलना करून पाहावी, ‘अ‍ॅफ.’ म्हणजे हिच्या जवळची, पण वेगळी दिसते. सूचीतील सगळ्या नोंदी जातीपर्यंत पोहोचलेल्या दिसल्या की मला त्या सूचीविषयी शंका येऊ लागते.

नावे आणि तक्ते

वनस्पतींच्या नावांचा प्रारंभ स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ मधील ग्रंथापासून आणि प्राण्यांच्या नावांचा त्याच्याच १७५८ मधील ग्रंथापासून मानतात, आणि दोहोंच्या नियमसंहिता वेगळ्या आहेत. जाती मूळ प्रजातीतून दुसरीकडे हलवली गेली, तर मूळ लेखकाचे नाव कंसात जाते, प्राण्यांत तेवढेच पुरते, जसे डॅनॉस क्रिसिपस (लिनियस, १७५८), तर वनस्पतींत हलवणाऱ्याचेही नाव कंसाबाहेर येते, जसे सेना टोरा (लि.) रॉक्स्ब., म्हणजे मूळ लेखक लिनियस आणि हलवणारा रॉक्सबर्ग. प्रत्यक्ष सूचीत ही नावे रोमन लिपीत व तिरप्या अक्षरांत लिहावीत. एकाच सूचीत दोन्ही सृष्टी असतील तर ‘सृष्टी’ हा रकाना सक्तीचा करावा, कारण पिएरिस हे पांढऱ्या फुलपाखरांच्या एका प्रजातीचे नाव आहे आणि एरिकेसी कुलातील झुडपांच्या प्रजातीचेही. स्थानिक नाव ज्या गावात ऐकले त्या गावासह वेगळे नोंदवावे; शंखपुष्पी या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या वनस्पती सांगितल्या जातात.

सगळी माहिती एका लांबलचक तक्त्यात कोंबू नये. नमुन्यांचा एक तक्ता, ओळखींचा दुसरा (कोणी, कधी, कोणत्या किल्लीने), स्वीकृत नावे व समानार्थी नावांचा तिसरा, आणि वनस्पती-कीटक संबंधांचा चौथा असावा. पहिल्या तक्त्यातील रकान्यांची नावे डार्विन कोअर या प्रमाणकानुसार ठेवल्यास ही माहिती पुढे जीबीआयएफसारख्या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक कोशात तशीच जाऊ शकते. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहाव्यात. स्प्रेडशीट तारखांचे स्वरूप परस्पर बदलते, म्हणून टिपणवहीतील मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवणारा एक रकाना जास्तीचा ठेवावा.

चौथा तक्ता मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तोच क्वचित केला जातो. त्यात कीटकाचा क्रमांक, वनस्पतीचा क्रमांक आणि दोघांमधील व्यवहार लिहावा, परंतु जे पाहिले तेवढेच. फुलावर बसणे म्हणजे परागीभवन नव्हे, आणि पानावर अळी दिसणे म्हणजे ते तिचे खाद्य नव्हे. अळीने पान खाताना पाहिले असेल तर ‘खाणे’ आणि ती वाढवून प्रौढ कीटक मिळवला असेल तर ‘वाढवून सिद्ध’ असे दोन वेगळे शब्द ठेवावेत. या तक्त्यामुळे ओळखीचीही पडताळणी होते. रुईवर वाढलेली अळी डॅनॉस क्रिसिपसची असू शकते. घोळीवर वाढलेली असेल तर वर उल्लेखलेल्या नक्कल करणाऱ्या जातीचा विचार करावा लागतो. वड आणि पिंपळ यांचे परागीभवन करणाऱ्या गांधीलमाश्याही वेगवेगळ्या आहेत, वडासाठी युप्रिस्टिना मॅसोनी आणि पिंपळासाठी प्लॅटिस्कापा क्वाड्रॅटिसेप्स. म्हणून उंबरवर्गीय फळातून काढलेल्या गांधीलमाशीची नोंद झाडाच्या नमुन्याशिवाय अर्धवट राहते.

शेवटी उरतात ते अनोळखी नमुने. त्यांना ‘भुंगेरा ०१७’ यासारखे तात्पुरते संकेत द्यावेत आणि प्रत्येक संकेतामागे एक प्रमाण-नमुना व छायाचित्र ठेवावे. पुढे नाव मिळाले की ते ओळखींच्या तक्त्यात नव्या ओळीत चढवावे. जुना संकेत पुसू नये आणि दुसऱ्या नमुन्याला देऊ नये. नमुन्यांची दुबार प्रत दुसऱ्या सार्वजनिक संग्रहालयात ठेवावी, आणि सूची प्रसिद्ध करताना तिला आवृत्ती क्रमांक व तारीख घालावी. दुर्मीळ जातींचे नेमके अक्षांश-रेखांश प्रसिद्ध आवृत्तीत ढोबळ करावेत, मूळ तक्त्यात मात्र अचूक ठेवावेत.