घरची टीम की कॉलेजची? आधी वेळापत्रक मांडा

लहानपणापासून ओहायो स्टेट या अमेरिकी विद्यापीठाच्या फुटबॉल टीमची लाल-करडी जर्सी घालणाऱ्या मुलीला कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगन विद्यापीठात प्रवेश मिळाला, की घरात पेढ्यांच्या जोडीला एक प्रश्नही येतो: आता नोव्हेंबरात ओरडायचं कुणाच्या नावाने? अलाबामाचं वेड असलेल्या घरातून ऑबर्नला जाणाऱ्याचं तेच, आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावात, चॅपल हिलमध्ये, वाढून ड्यूकला जाणाऱ्याचंही तेच. बरेच जण पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात काहीतरी ठणकावून सांगून बसतात आणि पुढची चार वर्षं ते निस्तरत राहतात. त्याआधी कागद घ्या. भांडण वाटतं त्यापेक्षा बरंच लहान निघतं.

घरची टीम एनएफएलमधली, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमधली, असेल तर प्रश्न जवळजवळ मिटलेलाच आहे. कॉलेज फुटबॉल मुख्यतः शनिवारी, एनएफएल मुख्यतः रविवारी. ही वाटणी आपोआप झालेली नाही. १९६१ च्या प्रक्षेपण कायद्याने एनएफएलला टीव्ही-करारांसाठी जी सवलत दिली, ती सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतच्या शनिवारांना लागू होत नाही. त्यामुळे ओहायोतल्या ब्राउन्स या एनएफएल टीमचा चाहता ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, गेला तरी त्याचा रविवार कुणी हिरावून घेत नाही.

खरी अडचण दोन्ही टीम कॉलेजच्याच असतात तेव्हा. नियमित हंगामात प्रत्येक टीमचे १२ सामने असतात. दोन्ही वेळापत्रकं शेजारी-शेजारी लिहा आणि तीन खुणा करा: दोघी एकमेकींशी खेळतात तो शनिवार, दोघींचे सामने एकाच वेळी आहेत ते शनिवार, आणि एकीच्या हरण्याने दुसरीचा फायदा होतो ते शनिवार. पहिली खूण बहुधा एकच असते, वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या स्पर्धा-गटांत) असतील तर अनेकदा एकही नसते. दुसऱ्या खुणेचा नियम सोपा: कॉलेजचा सामना स्टेडियममध्ये, घरच्या टीमचा रेकॉर्ड करून रात्री. तिसरी खूण ऑक्टोबरच्या आधी करूच नका. तोवर क्रमवारीत इतकी उलथापालथ होते की हिशेब फुकट जातो.

आता तो एक शनिवार. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचा सामना नियमित हंगामाच्या शेवटी येतो. पहिला १८९७ मध्ये झाला, आणि १९१८ पासून फक्त २०२० साली, कोविडमुळे, तो झाला नाही. इथे बाजू घ्यावीच लागते, आणि ती ऑगस्टमध्ये ठरवावी. सामन्याच्या आठवड्यात ठरवलेली बाजू कुणी खरी मानत नाही. आमचा सल्ला स्पष्ट आहे: विद्यार्थी असाल तोवर, निदान कॉलेजच्या मैदानावर, कॉलेजची बाजू घ्या, ते जमणार नसेल तर विद्यार्थी स्टँडमध्ये बसू नका. ‘दोघीही जिंकोत’ हे उत्तर दोन्हीकडच्यांना सारखंच खोटं वाटतं. अर्धी या रंगाची, अर्धी त्या रंगाची जर्सीही तशीच. ती आई-वडिलांना शोभते, विद्यार्थ्याला नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०२४ पासून बिग टेनमध्ये, म्हणजे या दोघींच्या कॉन्फरन्समध्ये, १८ टीम आहेत आणि ज्यांचे विजेतेच अंतिम सामना खेळायचे ते विभाग काढून टाकले आहेत, म्हणून नोव्हेंबरात भिडलेल्या दोघी पुढच्याच आठवड्यात कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पुन्हा समोरासमोर येऊ शकतात. त्यानंतर राष्ट्रीय विजेतेपदासाठी १२ टीमचा प्लेऑफ आहेच. ओरेगॉनने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओहायो स्टेटला ३२-३१ असं हरवलं, आणि १ जानेवारी २०२५ ला प्लेऑफच्या रोझ बोल सामन्यात ओहायो स्टेटने ४१-२१ अशी परतफेड केली. तेव्हा घरच्यांशी बोलताना ‘या वर्षीची पहिली भेट’ आणि ‘पुन्हा गाठ पडली तर’ अशा दोन्ही गोष्टी ठरवून ठेवा.

तिकिटात सगळ्यात जास्त चुका होतात. विद्यार्थी तिकीट म्हणजे विद्यार्थी स्टँड, आणि तिथे पूर्ण वेळ उभं राहावं लागतं. टेक्सस ए अँड एममध्ये तर ती परंपराच आहे. जुन्या टीमची जर्सी घालून तिथे गेलात तर वाद चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबत नाही. शाळेतल्या जुन्या मित्राला आपलं तिकीट देण्याआधीही नियम वाचा; अनेक विद्यापीठांत विद्यार्थी नसलेल्याला ते वापरायचं तर फरकाचे पैसे भरून तिकीट बदलून घ्यावं लागतं, नाहीतर गेटवरच अडवतात. पाहुण्या टीमच्या लोकांसाठी वेगळा, लहानसा भाग असतो. वडील जुन्या रंगात येणार असतील तर त्यांचं तिकीट तिथलंच काढा आणि सामना संपल्यावर भेटा. टेक्सस-ओक्लाहोमा सामन्याचं बरं असतं: डॅलसच्या कॉटन बोल स्टेडियममध्ये ५० यार्डांच्या रेषेवर स्टँड दोन रंगांत वाटलेला असतो, त्यामुळे बाजू तिकिटावरच ठरते. तिथे फक्त हात सांभाळा. टेक्ससचे चाहते बोटांनी करतात ती शिंगांची खूण खाली वळवून केली की ती थेट डिवचणी होते.

कपड्यांत घोटाळा होतो तो छटांमुळे. ड्यूकही निळं, नॉर्थ कॅरोलायनाही निळं. पण एक गडद, दुसरं आकाशी. ड्यूकच्या मैदानात आकाशी शर्ट घातलात तर ‘निळाच तर आहे’ ही सबब चालत नाही. नोव्हेंबरच्या ॲन आर्बरमध्ये थंडी असते म्हणून जो करडा हूडी सहज अंगावर चढतो, तो नेमका ओहायो स्टेटच्या दोन रंगांपैकी एक. काळं जॅकेट घ्या. आणि आत जाऊन जर्सी बदलू हा बेत सोडा: बऱ्याच मोठ्या स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी चालते, साधारण १२ × ६ × १२ इंचांची, आणि तिच्यात घडी करून ठेवलेली लाल जर्सी रांगेतल्या प्रत्येकाला दिसते.

बास्केटबॉलचा हिशेब वेगळा ठेवा. ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये ९,३१४ जागा. कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यासाठी विद्यार्थी कित्येक आठवडे बाहेर तंबू ठोकतात. तंबूत किती जणांनी केव्हा हजर असायचं, याचे लेखी नियम आहेत आणि हजेरी अचानक घेतली जाते. मनाने अजून कॅरोलायनाचे असाल तर अशा तंबूत नाव घालू नका. रात्रीच्या हजेरीला तुम्ही चुकलात तर फटका पूर्ण तंबूला बसतो. मार्चमधल्या ६८ टीमच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेची मात्र आधीच धास्ती नको. इतक्या जुन्या वैरातही ड्यूक आणि कॅरोलायना या स्पर्धेत पहिल्यांदा भिडले ते थेट २०२२ च्या उपांत्य फेरीत, आणि कॅरोलायना ८१-७७ ने जिंकली. अंदाजांचा तक्ता भरताना दोघी एकाच रीजनमध्ये (स्पर्धेच्या चार भागांपैकी एकात) आहेत का तेवढं पाहा. नसतील तर दोघींनाही अंतिम चारपर्यंत खुशाल नेता येतं.

पदव्युत्तर शिक्षणासाठी दुसरीकडे गेलेल्यांनी फार विचार करू नये. पदवीच्या कॉलेजची टीम हीच आपली, हे अमेरिकेत सगळे समजून घेतात. नव्या विद्यापीठात पाहुण्यासारखं वागलं की पुरे.

निकालानंतरचे दोन तास सांभाळा. २०२४ मध्ये कोलंबसला, ओहायो स्टेटच्या मैदानात, १३-१० ने जिंकल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी यजमानांच्या मैदानात झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांना पेपर स्प्रे वापरावा लागला आणि बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड केला. घरच्या ग्रुपवरही झेंडे असेच रोवले जातात. जिंकलेल्याने त्या रात्री फक्त स्कोअर टाकावा, चित्रं-व्हिडिओ नकोत. हरलेल्याने पंचांचा विषय काढू नये. फोन करायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी, पूर्वेच्या वेळेनुसार दुपारी १ च्या आधी. त्यानंतर ब्राउन्सचा सामना सुरू झाला तर दोघंही टीव्हीसमोरच असतात.